भरलेली गॅलरी आणि विकतचा पुदिना

पुण्यातली एक जुनी तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडे उघडणारी 12 फूट लांब, 4 फूट रुंद गॅलरी. तिथे माझ्या मावशीने आणि काकांनी स्वयंपाकाला, चहाला आणि किरकोळ सर्दी-खोकल्याला लागणाऱ्या वनस्पतींची बाग हौसेने वाढवली होती. संक्रांत उलटल्यावर मावशीने ती आवरायला मला हाक मारली. तेव्हा तिथे लहान-मोठ्या 31 कुंड्या होत्या. त्यांत रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि तेलाचे डबेही आले. मधून चालायला जेमतेम एका पावलाची वाट होती.

त्या दिवशी ओट्यावर पुदिन्याची ताजी जुडी आणि कढीपत्त्याच्या चार काड्या होत्या. दोन्ही भाजीवालीकडून आणलेलं. गॅलरीत पुदिना तीन ठिकाणी होता आणि कढीपत्त्याचं झाड माझ्यापेक्षा उंच होतं. मला खरं दुखणं तिथेच दिसलं. नुसता पसारा कुंड्या सरळ रेषेत लावूनही मिटला असता. ज्या बागेतून स्वयंपाकघरात काही येत नाही ती पुन्हा तशीच होणार होती. म्हणून नीटनेटकेपणाआधी मावशीला एकच विचारलं, "घरात असताना विकत का आणतेस?"

तिची उत्तरं सरळ होती. पुदिन्याची पानं बारीक आणि कडवट लागतात. कढीपत्ता वरच्या टोकाला, हात पोचत नाही. तुळशीला सारखी कात्री लावणं बरं वाटत नाही. गवती चहाच्या पात्यांनी बोटं कापतात. आणि गुडघे दुखत असल्यामुळे मागच्या रांगेपर्यंत वाकून जाणं होत नाही. काकांचं म्हणणं वेगळं होतं. "पाणी रोज घालतो, एक दिवस चुकवत नाही, तरी निम्मी झाडं रडतात." दोघांचं बोलणं शेजारी ठेवल्यावर बागेची गोष्ट जवळजवळ पूर्ण कळली.

झाडांची हजेरी

आम्ही आधी काहीही न हलवता प्रत्येक कुंडीत काय आहे ते कागदावर लिहिलं. तुळशी चार, सगळ्या मंजिऱ्यांनी लदलेल्या, खालून लाकूड झालेल्या. पुदिना तीन कुंड्यांत, लांब उघड्या काड्या आणि टोकाला चार पानं. गवती चहाचा एक गड्डा इतका दाटलेला की कुंडीत माती दिसत नव्हती. कढीपत्ता 15 लिटरच्या बादलीत, एकच सरळ दांडा आणि वर छत्री. पानओवा दोन कुंड्यांत, पैकी एक बुडाशी सडलेला. कोरफडीच्या सहा कुंड्या, कारण दर वेळी निघालेल्या पिल्लांना मावशीने नवं घर दिलं होतं. हळदीची पानं पिवळी पडून वाळू लागलेली. शिवाय अळू, मरवा, सुकत आलेली ब्राह्मी, अडुळसा, आणि ग्रिलवर पसरलेली गुळवेल. तिच्या पानांआड दुपारचं निम्मं ऊन अडत होतं. उरलेल्या कुंड्यांत नुसती माती होती किंवा धने पेरून काही न उगवलेलं.

ऊन हा पुढचा मुद्दा. पश्चिमेची गॅलरी सकाळी उजेडाची असते पण उन्हाची नसते, आणि दुपारी दीडनंतर थेट सूर्यास्तापर्यंत ऊन खाते. जानेवारीत ते हवंसं वाटतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा हेच ऊन पुदिना आणि ब्राह्मी भाजून काढतं. झाडांच्या जागा त्या दिवशीचं ऊन बघून ठरवल्या असत्या तर उन्हाळ्यात सगळं पुन्हा हलवावं लागलं असतं. म्हणून मार्च ते मे डोळ्यांपुढे ठेवून आखणी केली.

तिसरी गोष्ट वजनाची. तिच्याकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओली माती लिटरला दीड किलोहून जड भरते. सरासरी 15 लिटरची कुंडी धरली तर 31 कुंड्यांचं वजन 700 किलोच्या पुढे जातं. घराच्या सज्जासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला 3 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 300 किलो, भार धरलेला आहे. ही गॅलरी साडेचार चौरस मीटरची आहे. म्हणजे हिशेबात आपण आत होतो. पण मोठ्या कुंड्या सगळ्या बाहेरच्या कठड्याला टेकून होत्या, इमारत जुनी होती, आणि बाहेर झेपावलेल्या सज्जावर भार जितका टोकाकडे तितका ताण जास्त. काकांनी अर्धं आयुष्य कारखान्यात काढलं आहे, त्यांना हे एका वाक्यात पटलं. मोठ्या कुंड्या घराच्या भिंतीलगत घ्यायच्या, कठड्याकडे हलक्या ठेवायच्या आणि कठड्यावर एकही नाही, असं त्यांनीच ठरवलं.

एकच झारी सगळ्यांना

काकांची रडणारी झाडं पाण्यानेच रडत होती. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला सारखं पाणी. माया सगळ्यांवर सारखी, पण कोरफडीला आणि पानओव्याला ती मानवत नव्हती, आणि पुदिन्याला पुरत नव्हती. पानओव्याची पानं जाड असतात, पाणी साठवून ठेवतात. त्याची माती मधून मधून कोरडी व्हावी लागते, नाहीतर बुडाशी काळं पडून तो बसतो. पुदिन्याचे धावते दांडे मातीच्या वरच्या थरात पसरतात, आणि तोच थर उन्हात सगळ्यात आधी सुकतो.

मी काकांना शेतकऱ्यांचा वाफसा सांगितला. बोटाचं एक पेर मातीत घालायचं. माती गार आणि मऊ लागली, मुठीत धरल्यावर गोळा झाला पण पाणी सुटलं नाही, तर वाफसा आहे, आज पाणी नको. पुदिना, ब्राह्मी आणि अळू यांना मात्र त्याच्या एक पायरी अलीकडेच पाणी द्यायचं. कोरफडीला वाफसाही जाऊ द्यायचा.

रोज प्रत्येक कुंडीत बोट घालत बसणं कुणालाच जमणारं नव्हतं, म्हणून कुंड्याच तहानेप्रमाणे लावल्या. नळाजवळच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीची सावली सगळ्यात उशिरापर्यंत टिकते, पुदिना, ब्राह्मी, अळू आणि पुढे हळद-आलं. मधल्या पट्ट्यात तुळस, गवती चहा, कढीपत्ता, मरवा. पलीकडच्या तापणाऱ्या टोकाला कोरफड आणि पानओवा. आता झारी नळाजवळ रोज, मध्ये गरजेप्रमाणे आणि टोकाला हिवाळ्यात आठवड्यातून एकदा जाते. बागेत बाकी काही केलं नसतं आणि एवढंच केलं असतं, तरी निम्मी दुखणी गेली असती असं मला वाटतं.

पाण्याला जोडूनच एक जुना वाद होता. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी ठिबकायचं. त्यावर उपाय म्हणून कुंड्यांखाली बशा ठेवल्या होत्या आणि त्यांत पाणी साचायचं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढं स्वच्छ पाणी आणि साधारण आठवडाभराचा अवधी पुरतो. बशा काढाव्या तर खालचे नाराज, ठेवाव्या तर डास. तोडगा असा निघाला: जुन्या मातीत पाणी मुरत नव्हतं, कडेने थेट खाली जात होतं, म्हणून आधी माती बदलायची. पाणी एकदम न ओतता थोडं घालून, मुरू देऊन, मग दुसऱ्यांदा घालायचं. बशा ठेवायच्या, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने काकांनी त्या रिकाम्या करून ते पाणी पुदिन्याला द्यायचं. खालच्या वहिनींना हे स्वतः जाऊन सांगितलं. तेवढ्यानेच बराच ताण उतरला.

माती अक्षरशः दगड झाली होती. कुंड्यांच्या कडांवर टँकरच्या जड पाण्यातले क्षार पांढरे धरले होते. सगळी माती गच्चीत ताडपत्रीवर पसरून फोडली, मुळांचे गुंते काढले, चांगलं ऊन दिलं. मग दोन भाग जुनी माती, एक भाग गांडूळखत, एक भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातलं मीठ रोपांना त्रास देतं. कोरफडीच्या मातीत कोकोपीटऐवजी विटांचा चुरा घातला.

कात्रीची भीती

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. मावशीच्या मनात झाड तोडणं म्हणजे त्याला दुखावणं होतं. तिच्या मायेचा मला आदर आहे. पण स्वयंपाकातल्या बहुतेक वनस्पती तोडल्या जाण्यावरच जगतात. शेंडा खुडला की त्याच्या खालच्या पेरावर दोन्ही बाजूंनी फुटवे येतात. खुडला नाही तर झाडाची सगळी ताकद वर जाण्यात आणि फुलण्यात खर्च होते, खालचा दांडा उघडा पडतो, पानं लहान आणि राठ होतात. मावशीचा पुदिना कडवट लागत होता तो जातीने नव्हे, तर म्हातारा झाला होता म्हणून.

पुदिन्याच्या तिन्ही कुंड्यांतून निरोगी धावते दांडे निवडले, वीतभर तुकडे केले आणि एका रुंद उथळ टबात आडवे टाकून वर बोटभर माती ओढली. बाकीचा पुदिना गेला. दांडे रुजून पानं धरल्यावर पहिली तोडणी मावशीकडूनच करवली: पेराच्या जरा वर, कात्रीने, मूठभर. पुढच्या वेळी त्याच जागी दुप्पट शेंडे होते. तिने ते मोजून काकांना दाखवले आणि त्यानंतर मला तिला काही समजवावं लागलं नाही.

तुळशीची गोष्ट हळवी होती. द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडायची नाही हे घरातलं वळण, आणि ते मोडायचं मला काही कारण दिसत नव्हतं. आम्ही तुळशीच दोन केल्या. वृंदावनातली पूजेची, तिच्या फक्त मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या. आणि मधल्या पट्ट्यात काढ्याची, जिचे शेंडे आठवड्याला तोडायचे. लाकूड झालेल्या जुन्या तुळशींच्या बिनपानांच्या खोडाला पुन्हा पालवी फुटण्याची आशा कमी असते, म्हणून त्यांच्याच वाळक्या मंजिऱ्या चोळून बी मातीवर भुरभुरलं आणि वर मातीचा पातळ थर दिला. जुनी खोडं कचऱ्यात जाणार नाहीत हा मावशीचा आग्रह होता. ती बारीक करून सोसायटीतल्या पारिजातकाच्या बुंध्याशी पसरली.

कढीपत्त्याला सगळ्यात मोठा धीर लागला. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत, तो कमरेच्या उंचीवर कापला. मावशी तेव्हा आत निघून गेली होती. थंडीत कढीपत्ता तसाही सुस्तावतो, पानं गाळतो, आणि ऊब वाढली की जोमाने फुटतो, म्हणून हीच वेळ बरी. त्याच वेळी बादलीही बदलावी असं काकांना वाटत होतं. मी नको म्हटलं. फांदीवर आणि मुळावर एकदम घाव नको. नवी पालवी पिकू दे, पाऊस लागू दे, मग कुंडी बदलू. वरच्या छत्रीचा पाला खूप निघाला. शेजारी वाटला, आणि उरलेला सावलीत वाळवून तीळ, सुकं खोबरं आणि लाल मिरचीबरोबर चटणी केली. काही आठवड्यांत कापलेल्या जागेखालून फांद्या निघाल्या, त्याही हाताच्या उंचीवर. मावशीची एक सवय मात्र मी तशीच राहू दिली. आंबट ताक ती कढीपत्त्याला घालते. पातळ करून, अधूनमधून, एवढीच अट. घट्ट ताकाने वास येतो आणि मुंग्या जमतात.

गवती चहा वितभर उंचीवर कापला आणि वाळकी पाती ओढून काढली. गड्डा फोडायचं काम पावसावर टाकलं. पाती ओरबाडल्यामुळे बोटं कापायची, कात्रीने बाहेरची पात बुडाशी कापली की काही होत नाही. ते खातं काकांनी घेतलं. सकाळच्या चहाआधी कात्री घेऊन गॅलरीत जाणं हा आता त्यांचा नेम आहे.

काय गेलं

31 कुंड्यांच्या 17 झाल्या. गुळवेल खाली आवारातल्या कडुनिंबावर चढवली. कडुनिंबावरची गुळवेल अधिक गुणकारी अशी आपल्याकडे धारणा आहेच, त्यामुळे मावशी तिच्या निरोपाला आनंदाने तयार झाली. अडुळसा झुडूप होणारा, त्याला जमीनच हवी, तोही आवारात गेला. कोरफडीची एक कुंडी ठेवून बाकी इमारतीत वाटली. अळवाचे कंद एका नातेवाइकांच्या वाईच्या परसात गेले, फक्त वडीचं अळू एका टबात राहिलं.

वाळलेल्या पानांखालची हळद उपटल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे फुलले. दोन कुंड्यांतून ओट्यावर पसरण्याइतके गड्डे निघाले. त्यातल्या निम्म्याचं आलं, लिंबू आणि मिरची घालून ओल्या हळदीचं लोणचं झालं, आणि डोळे असलेले चांगले गड्डे अक्षय तृतीयेच्या सुमारास लावायला सावलीत ठेवले.

मोकळ्या झालेल्या जागेत काय ठेवायचं यावर मी ठाम होतो: काहीही नाही. मावशीची वेताची खुर्ची तेवढी. मागची रांगच रद्द झाली. निम्म्या कुंड्या लोखंडी घडवंचीवर कमरेच्या उंचीला आल्या, त्यामुळे तिला वाकावं लागत नाही. बाग आवरताना आपण झाडांचा विचार करतो आणि माणसाने बसायचं कुठे हे विसरतो. जिथे बसता येत नाही तिथे कुणी फिरकत नाही, आणि जिथे फिरकत नाही तिथला मावा, पिठ्या ढेकूण आणि सुकलेला शेंडा दिसतच नाही. खुर्ची आल्यावर मावशी संध्याकाळी तिथे पालेभाजी निवडायला बसू लागली. मार्चमध्ये काढ्याच्या तुळशीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण आले ते तिनेच पहिल्या दोन-तीन दिवसांत हेरले. जुन्या टूथब्रशने आणि पाण्याच्या धारेने काम भागलं. जास्त असते तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी फवारून, पुढचे काही दिवस पानं न खुडता.

उन्हाळा आणि पाऊस

एप्रिलमध्ये 50 टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, हिरवं शेडनेट ग्रिलला आतून बांधलं. पुदिना तगला. ब्राह्मी नाही तगली. रोज दोनदा पाणी देऊनही दुपारच्या झळांनी ती गेली, आणि पश्चिमेच्या गॅलरीत ती पुन्हा लावू नये असं माझं मत आहे. कोथिंबीर फेब्रुवारीत छान झाली होती: धने हलकेच रगडून दोन केले, रात्रभर भिजवले, जिथे वाढायचे तिथेच पेरले, कारण उपटून दुसरीकडे लावलेलं तिला आवडत नाही. त्याच पद्धतीने एप्रिलमध्ये पेरली तर चार पानांवरच तुरे काढून मोकळी झाली. गरमीत कोथिंबीर असंच करते. उन्हाळ्यात तिच्या कुंडीत मेथी पेरावी, ती तीन-चार दिवसांत उगवते आणि कोवळी असतानाच उपटून खाता येते.

जूनच्या पावसाबरोबर ठरलेली कामं झाली. गवती चहाचा गड्डा फोडून चार केले, एक ठेवला, तीन इमारतीत गेले. कढीपत्ता 25 लिटरच्या टबात बसवला, गोल फिरलेली मुळं कडेने कापून. मरवा जुलैच्या झडीत कुजला, त्याला पावसात आडोसा लागतो हे आता घडवंचीची जागा ठरवताना ध्यानात आहे. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या, पुढे हिरव्यागार झाल्या. त्या कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या. मावशी त्या काढायला निघाली होती. झाड आता बहुफांदी असल्यामुळे एक फांदी अळ्यांना सोडणं परवडत होतं, तसं ठरलं, आणि दुसऱ्या फांद्यांवर दिसलेली अळी उचलून त्या फांदीवर ठेवायचं काम काकांनी मनापासून केलं.

नागपंचमीला नव्या हळदीची पानं हातभर झाली होती. मावशीचं माहेर रत्नागिरीकडचं, पातोळ्यांसाठी ती इतकी वर्षं मंडईत हळदीची पानं शोधत फिरायची. या वेळी तिने घरची पानं काढली, तीही प्रत्येक रोपाचं एकच खालचं, कारण गड्ड्याला पोसायला बाकीची हवीत. पहिल्या पावसातल्या पानओव्याच्या भज्यांनंतर दुसऱ्याच घाण्याला पानं कमी पडली होती. त्याचे दोन शेंडे तेव्हाच नव्या कुंडीत खोवले, ते आता रुजले आहेत.

विकतचा पुदिना बंद झाला आहे. कढीपत्ताही, फक्त सणावारी जास्त लागला तर आणतात. एक प्रश्न अजून उघडा आहे. कढीपत्त्याला जमिनीत जायचं आहे, 25 लिटरचा टब त्याला दोन-तीन वर्षं पुरेल. त्याहून मोठा ड्रम गॅलरीत नको, हे वजनाच्या हिशेबाने नक्की. बुंध्याशी एक पिल्लू फुटलं आहे. पुढच्या पावसाळ्यात ते मुळासकट वेगळं करून आवारात गुळवेलीच्या कडुनिंबापासून दूर, उन्हाच्या बाजूला लावायचं, आणि ते धरलं तर टबातलं मोठं झाड त्याच्यामागोमाग खाली न्यायचं, असं काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवलं आहे.